डॉ. जॉन लील : क्लोरीनची मात्रा ठरवणारा डॉक्टर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बाह्यरुग्ण विभागात एक ठरलेली तक्रार येऊ लागते. मुलाचे डोळे लाल, नाक चोंदलेले, अंगाला खाज. आईवडिलांचे निदान आधीच झालेले असते : सोसायटीच्या तलावात क्लोरीन जास्त टाकले. तलावाला उग्र वास येत होता, हा त्यांचा पुरावा. पुष्कळदा परिस्थिती नेमकी उलट असते. तो वास जास्त क्लोरीनचा नसतो, कमी पडलेल्या क्लोरीनचा असतो. असे का, ते पुढे पाहूच. आता फार्महाऊसवर, बंगल्यात, गृहसंकुलात छोटे तलाव होऊ लागले आहेत आणि पाण्यात क्लोरीन किती टाकायचे हा प्रश्न घराघरांत पोहोचला आहे. कमी पडले तर जंतू उरतात, जास्त झाले तर त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो.

हा प्रश्न एका मोठ्या शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी, कायमस्वरूपी आणि मोजूनमापून सोडवण्याचे धाडस अमेरिकेत ज्याने प्रथम केले, तो इंजिनीअर नव्हता. तो एक डॉक्टर होता. पाणीपुरवठ्याच्या आणि सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात डॉ. जॉन लील यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचे आयुष्य समजून घेतले की क्लोरीनचे गणितही आपोआप समजते.

वडिलांचा आजार

जॉन लेंग लील यांचा जन्म ५ मे १८५८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील अँडीज या लहानशा गावात झाला. वडील डॉक्टर होते. अमेरिकेतील यादवी युद्धात ते न्यूयॉर्कच्या एका पलटणीबरोबर शल्यचिकित्सक म्हणून गेले. त्या युद्धात गोळ्यांनी जितके सैनिक मेले, त्याहून अधिक आजारांनी मेले. छावणीतले पाणी, उघडे संडास आणि एकाच जागी राहणारी हजारो माणसे यांतून हगवण, जुलाब आणि विषमज्वर पसरत. दक्षिणेत चार्ल्सटनच्या वेढ्याच्या काळात लील यांच्या वडिलांनाही हगवणीने गाठले. युद्ध संपले, आजार मात्र संपला नाही. पुढची अनेक वर्षे ते त्याच दुखण्याने खंगत राहिले आणि १८८२ मध्ये गेले.

दूषित पाण्याने माणूस दोन दिवसांत मरतो, हे आपण पटकीच्या साथीवरून ओळखतो. तेच पाणी एखाद्याला वर्षानुवर्षे झिजवते, हे लील यांनी लहानपणापासून घरातच पाहिले होते. याचा त्यांच्या मनावर काय परिणाम झाला, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. पण पुढे त्यांनी जे काम निवडले, ते पाहिले की अंदाज करता येतो.

१८६७ मध्ये लील कुटुंब न्यू जर्सीतील पॅटरसन या शहरात आले. पसाइक नदीच्या धबधब्याकाठी वसलेले हे रेशीम गिरण्यांचे शहर. कामगारांची दाटी, गिरण्यांचे सांडपाणी आणि त्याच नदीवर अवलंबून असलेली गावे, असा सारा मामला होता. जॉन प्रिन्स्टनमधून १८८० मध्ये पदवीधर झाले आणि १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया येथील वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होऊन पॅटरसनला परतले.

ही वर्षे लक्षात घेण्यासारखी आहेत. विषमज्वराचा जंतू १८८० मध्ये ओळखला गेला होता. रॉबर्ट कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्तमध्ये आणि नंतर आपल्या कोलकात्यात पटकीच्या जंतूचा शोध घेतला होता. म्हणजे लील ज्या काळात वैद्यक शिकत होते, त्याच काळात रोगाचे कारण दूषित हवेकडून जंतूंकडे सरकत होते. आदल्या पिढीच्या डॉक्टरांना जे पटायला जड गेले, ते लील यांच्या पिढीने वर्गात बसून आत्मसात केले.

आरोग्य अधिकारी

खासगी व्यवसाय सुरू केल्यावर थोड्याच वर्षांत लील शहराच्या नोकरीत आले. आधी शहराचे डॉक्टर आणि १८९० पासून आरोग्य अधिकारी. आपल्याकडच्या महापालिकेतील आरोग्य अधिकाऱ्याचेच हे काम : घटसर्प, विषमज्वर, लोहितांग ज्वर यांच्या रुग्णांची नोंद ठेवणे, घरे निर्जंतुक करवून घेणे, दूध आणि पाण्यावर लक्ष ठेवणे, साथ आली की तिचा उगम शोधणे. हे काम करताना ज्या वस्तूशी त्यांचा रोजचा परिचय झाला, ती म्हणजे ब्लीचिंग पावडर.

या पांढऱ्या भुकटीचा इतिहास जुना आहे. स्वीडनमधील शेले यांनी १७७४ मध्ये क्लोरीन वायू तयार केला. तो चुन्यात शोषून त्याची पूड करण्याची युक्ती १७९९ मध्ये स्कॉटलंडच्या टेनंट यांनी काढली. कापड पांढरे करणे हा तिचा मूळ उपयोग. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस यांनी विद्यार्थ्यांना हिच्याच पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. शतकाच्या अखेरीला संडास, गटारे आणि रुग्णाच्या खोल्या यांसाठी ही पूड सर्रास वापरली जात होती. लील पॅटरसनमध्ये वर्षानुवर्षे ती वापरत होते आणि फार थोड्या मात्रेतही ती जंतू मारते, याचा त्यांना अनुभव होता.

पण लोकांच्या नजरेत ती गटारात टाकायची वस्तू होती. पिण्याच्या पाण्यात रसायन घालायचे ही कल्पनाच किळसवाणी आणि धोक्याची वाटे. पाण्यात मुळात घाण येऊच नये, आलीच तर वाळूतून गाळून काढावी, हा त्या काळच्या जाणकारांचाही दंडक होता. इंग्लंडमध्ये मेडस्टन येथे १८९७ मध्ये साथीच्या वेळी जलवाहिन्या ब्लीचिंगने धुतल्या गेल्या होत्या. लिंकन येथे १९०५ मध्ये विषमज्वराची साथ आली तेव्हा पाण्यात क्लोरीनयुक्त द्रावण सोडले गेले. बेल्जियममधील एका गावातही प्रयोग झाला होता. पण कुठे साथीपुरता उपाय, तर कुठे छोट्या गावाचा पुरवठा, यापलीकडे गोष्ट गेली नव्हती.

१८९९ मध्ये लील यांनी शहराची नोकरी सोडली आणि एका खासगी पाणी कंपनीचे आरोग्यविषयक सल्लागार झाले. सरकारी आरोग्य अधिकाऱ्याने कंपनीकडे जाणे आजही कुणाच्या भुवया उंचावेल. पुढे न्यायालयात त्यांच्यावर जी टीका झाली, तिला या नोकरीचीही किनार होती.

वर्षातून दोन-तीन वेळा

न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीपलीकडे जर्सी सिटी आहे. या शहराने अनेक वर्षे पसाइक नदीचे घाण पाणी पिऊन विषमज्वराची किंमत मोजली होती. शेवटी नव्या पुरवठ्याचा करार झाला. कंपनीने रॉकअवे नदीवर बूंटन येथे धरण बांधले आणि मे १९०४ पासून सुमारे ३७ किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीतून शहराला पाणी मिळू लागले. करारात अट होती की पाणी शुद्ध आणि आरोग्याला हितकारक असले पाहिजे.

पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा शहराने हरकत घेतली. धरणाच्या वरच्या अंगाला गावे आहेत, त्यांचे सांडपाणी नदीत येते, म्हणून पाणी शुद्ध नाही, असे म्हणत शहर न्यायालयात गेले. लांबलेल्या सुनावणीनंतर १९०८ मध्ये निकाल आला. न्यायाधीशांना आढळले की वर्षातील बहुतेक दिवस पाणी चांगले असते. मोठ्या जलाशयात पाणी साठून राहते, गाळ बसतो, बरेच जंतू मरतात. पण वर्षातून दोन-तीन वेळा जोराचा पाऊस पडला की काठावरची घाण धुऊन येते आणि तेवढे दिवस पाण्याचा भरवसा राहत नाही.

आपल्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पहिल्या पावसानंतर आपल्याकडे जुलाबाचे रुग्ण का वाढतात, याचे उत्तर तेच आहे. विहीर दहा महिने चांगली असते. पहिल्या मोठ्या सरीत गावठाणातले पाणी तिच्यात उतरते आणि वॉर्डातल्या खाटा भरू लागतात.

न्यायालयाने कंपनीपुढे दोन वाटा ठेवल्या. वरच्या गावांची गटारे बांधून सांडपाणी नदीपासून दूर न्यावे, किंवा पाणी शुद्ध ठेवणारी दुसरी एखादी योजना दाखवावी. गटारे बांधायला अफाट खर्च होता. शिवाय लील यांचे म्हणणे होते की गटारांनी सगळा धोका जात नाही. शेतातली, रस्त्यावरची आणि आजारी माणसाच्या परसातली घाण पावसाबरोबर येणारच. त्यांनी दुसरी वाट निवडली. बूंटनहून निघणाऱ्या पाण्याच्या प्रत्येक थेंबाला, वर्षाचे सर्व दिवस, ब्लीचिंग पावडरची अत्यंत लहान मात्रा द्यायची.

यंत्रणा उभी करण्याचे काम त्यांनी जॉर्ज फुलर या त्या काळच्या नामवंत इंजिनीअरकडे सोपवले. १९ जून १९०८ ला काम हाती घेतले गेले आणि ९९ दिवसांनी, २६ सप्टेंबरला, यंत्रणा चालू झाली. टाक्यांत पूड कालवायची, द्रावण निवळू द्यायचे आणि छिद्रांतून ठरावीक वेगाने ते वाहत्या पाण्यात सोडायचे, अशी साधी रचना होती. शहराची परवानगी मागितली गेली नव्हती. गाजावाजाही नव्हता. जर्सी सिटीच्या रहिवाशांनी नळ उघडला तेव्हा त्यांच्या पाण्यात काय बदलले आहे, हे त्यांना माहीत नव्हते.

मात्रा किती, हे पाहण्यासारखे आहे. काही दिवसांतच ती दर दहा लाख भाग पाण्याला सुमारे ०.२ भाग क्लोरीन इतकी ठेवली गेली. म्हणजे एका लिटरला ०.२ मिलिग्रॅम. दहा हजार लिटरच्या टँकरला अवघे दोन ग्रॅम. बूंटनहून रोज सुमारे १५ कोटी लिटर पाणी जात होते. त्या सगळ्याला मिळून लागत होते साधारण ३० किलो क्लोरीन, म्हणजे ९० किलोच्या आसपास ब्लीचिंग पावडर. आजच्या भाषेत, दोन पोती पूड आणि एका शहराचे दिवसभराचे पाणी.

इतक्या थोडक्यात भागले याचे कारण पाणी मुळात बऱ्यापैकी स्वच्छ होते. क्लोरीन पाण्यात पडले की आधी चिखल, कुजका पाला, लोह, अमोनिया यांच्यावर खर्च होते. जंतूंना मारण्यासाठी उरते ते शिल्लक क्लोरीन. जलाशयात गाळ बसलेला असल्याने बूंटनच्या पाण्याची ही भूक लहान होती. शिवाय द्रावण मिसळल्यावर पाणी कित्येक किलोमीटरच्या नळातून जाई, त्यामुळे क्लोरीनला काम करायला भरपूर वेळ मिळत होता. मात्रा आणि वेळ या दोन्हींचा हिशेब त्यात होता.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात

यानंतर लगेच दुसरी सुनावणी सुरू झाली. आता वाद एकाच मुद्द्यावर होता : ही रासायनिक योजना खरोखर शुद्ध आणि सुरक्षित पाणी देते का? शहराच्या बाजूने साक्ष द्यायला आलेली नावे लहान नव्हती. विल्यम सेजविक, जॉर्ज व्हिपल यांच्यासारखे स्वच्छताशास्त्रातले अधिकारी पुरुष लील यांच्या विरुद्ध बाजूला होते. मात्रा चुकली तर काय, यंत्र बंद पडले तर काय, दीर्घकाळ हे पाणी पिऊन काही अपाय होणार नाही याची खात्री कोण देणार, असे त्यांचे प्रश्न होते. ते खोडसाळ नव्हते. कोणत्याही नव्या औषधाला असेच प्रश्न विचारले पाहिजेत.

लील यांची उलटतपासणी कसून झाली. वकिलाने त्यांना विचारले की एवढ्या मोठ्या शहराच्या पाण्याला असा उपाय जगात आणखी कुठे चालू आहे. कुठेही नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. मग वकिलाने विचारले की हे पाणी ते स्वतः पितील का, बायकामुलांना देतील का. त्यांनी बिनदिक्कत होकार दिला, आणि आपल्या मते हे जगातले सर्वांत सुरक्षित पाणी आहे, असेही सांगितले. प्रक्रिया केलेल्या पाण्यातले जंतू रोज मोजले जात होते. ते आकडे न्यायालयापुढे आले. जोराच्या पावसानंतरच्या दिवसांतही पाणी चांगले राहिले होते. न्यायालयाला ज्या दोन-तीन वेळांची चिंता होती, नेमक्या त्याच वेळा सुटल्या होत्या.

मे १९१० मध्ये निर्णय कंपनीच्या बाजूने लागला. ही योजना परिणामकारक आहे आणि पाण्यात काही घातक शिल्लक ठेवत नाही, असा निष्कर्ष निघाला. निकालाची बातमी पसरली आणि ज्या शहरांना वर्षानुवर्षे गाळणीसाठी पैसे मिळत नव्हते, त्यांनी काही महिन्यांत क्लोरीन सुरू केले. चारपाच वर्षांत अमेरिकेतल्या असंख्य शहरांचे पाणी या मार्गाने शुद्ध होऊ लागले. विषमज्वराचे मृत्यू आधीपासून कमी होत होते, गाळणी आणि मलनिःसारणाचाही त्यात वाटा होता. पण क्लोरीन स्वस्त होते, झटपट बसवता येत होते आणि गरीब शहरालाही परवडत होते.

परवानगी न घेता लोकांच्या पाण्यात रसायन घालणे योग्य होते का? आज कोणताही डॉक्टर असे करू शकणार नाही, आणि करूही नये. लोकांना सांगणे हा आरोग्यसेवेचा भाग आहे. लील यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्यांनी आपला प्रयोग तपासणीपासून लपवला नाही. तो भर न्यायालयात, विरोधी तज्ज्ञांसमोर, आकड्यांनिशी मांडला.

विरोधकांच्या शंकांनाही पुढे काही अंशी आधार मिळाला. १९७४ मध्ये हॉलंडमधील रूक या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की क्लोरीन पाण्यातील कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याशी संयोग करून क्लोरोफॉर्मसारखी संयुगे बनवते. आज त्यांच्यावर मर्यादा घातलेल्या आहेत. पण त्यांचा संभाव्य धोका दूषित पाण्याच्या धोक्यापुढे फार लहान आहे. उपाय क्लोरीन बंद करण्याचा नाही. पाणी आधी निवळून, गाळून घ्यावे, म्हणजे क्लोरीन कमी लागते. बूंटनच्या पाण्याचे गणित इथेही लागू पडते.

नळापासून तलावापर्यंत

पोहण्याच्या तलावांना हा उपाय पोहोचायला वेळ लागला नाही. १९१०च्या सुमारास ब्राऊन विद्यापीठातील तलावाचे पाणी ब्लीचिंगने निर्जंतुक केले गेले. पुढे १९१९च्या सुमारास मेरीलँडच्या आरोग्य खात्यातील एबल वोलमन आणि लिन एन्स्लो यांनी दाखवले की प्रत्येक पाण्याची क्लोरीनची भूक वेगळी असते आणि ती मोजूनच मात्रा ठरवली पाहिजे. लील यांनी एका पाण्यासाठी केलेला हिशेब आता कोणत्याही पाण्यासाठी करता येऊ लागला.

म्हणून लील यांचा ०.२ हा आकडा उचलून आपल्या टाकीत टाकायचा नसतो. ती त्यांची टाकायची मात्रा होती, त्या पाण्यापुरती. आज पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन नळाच्या शेवटच्या टोकाला शिल्लक असावे लागते. ग्रामपंचायतीच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकताना साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची पूड धरतात, पण पाणी गढूळ असेल तर ती पुरत नाही. पूड टाकल्यावर तासाभराने ओटी चाचणी करून पिवळा रंग येतो की नाही हे पाहणे, हे पूड टाकण्याइतकेच महत्त्वाचे. पोते उघडे, दमट जागेत राहिले तर पुडीतले क्लोरीन उडून जाते आणि उरतो नुसता चुना. विहिरीत पूड पडली, नोंदवहीत सही झाली, तरी गावात जुलाब सुरू, याचे एक कारण हे असते.

घरच्या तलावाचे तसेच आहे, फक्त भूक मोठी. पोहणाऱ्यांचा घाम, लघवी, तेल, सनस्क्रीन, झाडाची पाने हे सगळे क्लोरीन खाते. घाम आणि लघवीतील नत्रयुक्त द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होते. डोळे चुरचुरवणारा तो उग्र वास याचा. म्हणजे वास आला तर मोकळे क्लोरीन संपत आले आहे असे समजावे. तलावात मोकळे क्लोरीन लिटरला किमान १ मिलिग्रॅम असावे. ३ पर्यंत हरकत नाही. ते मोजायला साधे चाचणी संच मिळतात. एकूण क्लोरीनऐवजी मोकळे क्लोरीन दाखवणारा संच घ्यावा.

हिशेब सोपा आहे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४० हजार लिटर पाणी मावते. त्यातले क्लोरीन लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढवायला ४० ग्रॅम क्लोरीन लागते. १० टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट वापरले तर साधारण ४०० मिलिलिटर, ६५ टक्क्यांचे दाणे वापरले तर ६० ग्रॅमच्या आसपास. हे टाकून पंप चालू ठेवावा आणि पुन्हा मोजावे. अपेक्षेपेक्षा कमी आले तर पाण्याची भूक मोठी आहे हे कळते.

क्लोरीनच्या आधी पीएच पाहावा. क्लोरीनचा जंतू मारणारा जोमदार भाग पीएच ७ ला सुमारे तीनचतुर्थांश असतो, ७.५ ला निम्मा आणि ८ ला जेमतेम एकचतुर्थांश. म्हणजे पीएच वाढला तर संचावर आकडा बरोबर दिसूनही काम निम्मेच होते. पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवावा. कडक उन्हात क्लोरीन लवकर नाहीसे होते, म्हणून उघड्या तलावात ते सूर्यास्तानंतर टाकणे बरे. सायन्युरिक आम्ल उन्हापासून क्लोरीन वाचवते. ज्या गोळ्यांत ते असते त्या सतत वापरल्या तर ते पाण्यात साठत जाते आणि क्लोरीनला मंद करते. मग थोडे पाणी बदलण्याला पर्याय राहत नाही.

सुरक्षिततेच्या बाबतीत तडजोड नको. रसायन पाण्यात टाकावे, रसायनावर पाणी ओतू नये. दोन प्रकारची क्लोरीन रसायने एकत्र करू नयेत. पीएच उतरवायचे आम्ल आणि क्लोरीन एका बादलीत कधीही आणू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. आणि एक गोष्ट क्लोरीनवर सोडता येत नाही : क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या तलावातही कित्येक दिवस टिकतो. जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात उतरवू नये. जुलाब या परजीवीचे असतील तर थांबल्यावरही दोन आठवडे थांबावे. उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ करावी.

लील यांना आपल्या कामाचा हा सगळा विस्तार पाहायला मिळाला नाही. १३ मार्च १९१४ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, ते पॅटरसनमध्ये गेले. पाण्यातल्या क्लोरीनचे श्रेय पुढच्या लेखनात बरेचसे इतरांच्या, विशेषतः त्या प्रकल्पावर काम केलेल्या जॉर्ज जॉन्सन यांच्या वाट्याला गेले. लील यांच्या कबरीवर कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता. अमेरिकेतील पाणीपुरवठा क्षेत्रातल्या लोकांनी जुनी कागदपत्रे, विशेषतः त्या खटल्याची हजारो पानांची नोंद, पुन्हा वाचली तेव्हा त्यांची भूमिका स्पष्ट झाली. ५ मे २०१३ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, पॅटरसनच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक उभे राहिले.

औषध आणि विष यांत फरक मात्रेचा असतो, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. लील यांनी ते एका शहराच्या पाण्याला लावले : आधी पाणी ओळखले, मग थोडे टाकले, आणि रोज मोजले. आपल्या घरची टाकी असो, गावची विहीर असो की बंगल्यातला तलाव, यांतली तिसरी पायरी सर्वांत सहज वगळली जाते. ती वगळू नये.